क्रिकेटचा प्रेक्षक, सीमेचे दार आणि दोन सोलापूरकर

१/१५
२८ मार्च १९२६ रोजी सोलापुरात एका पारशी कुटुंबात पहलान रतनजी उम्रीगर यांचा जन्म झाला. क्रिकेटविश्व त्यांना पॉली उम्रीगर म्हणून ओळखते. त्या वर्षी सोलापूर आणि कराची ही दोन्ही शहरे एकाच मुंबई इलाख्यात, एकाच गव्हर्नरच्या अमलाखाली होती. सिंध या इलाख्यातून वेगळा झाला तो १ एप्रिल १९३६ रोजी.

२/१५
१९५५च्या फेब्रुवारीत उम्रीगर कसोटी खेळण्यासाठी कराचीत उतरले, तेव्हा ते शहर परदेश झाले होते. खेळाडूला संघाबरोबर सीमा ओलांडता आली. पण प्रेक्षकाचे काय? सामना पाहू इच्छिणाऱ्या सामान्य माणसाला तिकिटाच्या जोडीला व्हिसा केव्हापासून लागू लागला, आणि तो मिळणे-न मिळणे कशावर अवलंबून राहिले? आजचा थ्रेड याच प्रश्नाविषयी.

३/१५
फाळणीपूर्वी हा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या चौरंगी आणि पुढे १९३७पासूनच्या पंचरंगी सामन्यांना कराचीच्या रसिकाला यायचे असेल, तर बोटीचे किंवा रेल्वेचे तिकीट पुरेसे होते. सोलापूरच्या रसिकाला जेवढे कागद लागत, तेवढेच त्यालाही लागत.

४/१५
ऑगस्ट १९४७मध्ये सीमा आखली गेली. परंतु ती ओलांडण्यासाठी लगेच कागद लागले नाहीत. जुलै १९४८मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट सक्तीचे केले. त्याच वर्षी पाकिस्ताननेही तसाच नियम आणला. निर्वासितांचे लोंढे आणि मागे राहिलेल्या मालमत्तेचे वाद ही त्यामागची पार्श्वभूमी होती. खेळाचा विचार त्यात कोठेच नव्हता.

५/१५
१५ ऑक्टोबर १९५२ रोजी परमिटची जागा पासपोर्ट आणि व्हिसाने घेतली. तोवर तुलनेने मोकळी राहिलेली पूर्व बंगालची सीमाही या व्यवस्थेत आली.

आता तारखेकडे लक्ष द्या. दुसऱ्याच दिवशी, १६ ऑक्टोबर १९५२ रोजी, दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर भारत आणि पाकिस्तान यांच्यातील पहिली कसोटी सुरू झाली!

६/१५
पाकिस्तानचे कर्णधार होते अब्दुल हफीज कारदार. १९४६मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर ते भारताकडून खेळले होते. संघातील अमीर इलाही हेही भारताकडून कसोटी खेळलेले. कालचे सहकारी आज पाहुणे झाले होते, आणि त्यांचा खेळ पाहू इच्छिणारा लाहोरचा रसिक आदल्या दिवसापासून व्हिसाचा अर्जदार झाला होता.

७/१५
त्याच मालिकेतील मुंबईची कसोटी १३ नोव्हेंबरला ब्रेबॉर्न स्टेडियमवर सुरू झाली. विजय हजारे नाबाद १४६, सोलापूरचे उम्रीगर १०२. भारत दहा गडी राखून जिंकला.

सोलापूरहून मुंबई सुमारे साडेचारशे किलोमीटर. रेल्वेचे तिकीट काढले की झाले. अमृतसरहून लाहोर जेमतेम पन्नास किलोमीटर. तेथे मात्र दोन सरकारांची संमती हवी. प्रेक्षकासाठी अंतराचे मोजमापच बदलले होते.

८/१५
येथे एक फरक ध्यानात ठेवू. पासपोर्ट आपले सरकार देते. ‘हा आमचा नागरिक’ एवढेच तो सांगतो. व्हिसा समोरचे सरकार देते. ‘याला आमच्याकडे येऊ देण्यास हरकत नाही’ असे तो सांगतो. सामन्याचे तिकीट मैदानाचे दार उघडते, सीमेचे नव्हे. तिकीट हाती असूनही प्रेक्षक घरी राहू शकतो, तो यामुळेच.

९/१५
परंतु मनात आणले तर सरकारे हे दार उघडू शकतात, हे १९५५मध्ये दिसले. २९ जानेवारीला लाहोरच्या बागेत (आजच्या बाग-ए-जिना मैदानावर) तिसरी कसोटी सुरू झाली. तिच्यासाठी नेहमीचे नियम शिथिल करण्यात आले आणि सुमारे दहा हजार भारतीय सीमा ओलांडून लाहोरला गेले. फाळणीनंतर एवढ्या मोठ्या संख्येने लोकांनी ही सीमा शांततेने ओलांडल्याचा तो पहिलाच प्रसंग मानला जातो.

१०/१५
खेळ म्हणाल तर कंटाळवाणा. पाचही कसोटी अनिर्णित राहिल्या. पेशावरला उम्रीगरांनी १०८ धावा काढल्या. निकाल काही लागला नाही. धावफलकापुरते पाहिले तर ही मालिका विसरण्याजोगी. प्रेक्षकांकडे पाहिले तर मात्र तिचे स्थान वेगळे आहे. आठच वर्षांपूर्वी जेथून जीव मुठीत धरून पळावे लागले, त्या शहरात हजारो माणसे क्रिकेटच्या निमित्ताने पुन्हा पाऊल ठेवत होती.

११/१५
हे टिकले नाही. फेब्रुवारी १९६१नंतर दोन्ही देशांत कसोटी झाली ती थेट ऑक्टोबर १९७८मध्ये. मधल्या काळात १९६५ आणि १९७१ची युद्धे झाली.

पुढचा मोठा प्रसंग २००४चा. १९८९नंतर प्रथमच भारतीय संघ पाकिस्तानात कसोटी मालिकेसाठी गेला. पाकिस्तानने हजारो भारतीय प्रेक्षकांना व्हिसा दिले. भारतीय म्हटल्यावर दुकानदारांनी आणि रिक्षावाल्यांनी पैसे घेण्यास नकार दिल्याच्या आठवणी परतलेल्यांनी सांगितल्या.

१२/१५
आता दुसरे सोलापूरकर. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर संबंध पुन्हा गोठले. सुरक्षेची चिंता काल्पनिक नव्हती. हल्ल्यापूर्वी टेहळणी करणारा डेव्हिड हेडली अमेरिकी पासपोर्टवर, रीतसर भारतीय व्हिसा घेऊनच मुंबईत वावरला होता.

तरीही सप्टेंबर २०१२मध्ये भारत-पाकिस्तानने नवा व्हिसा करार केला. १४ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत तो अमलात आणला गेला, तेव्हा पाकिस्तानचे मंत्री रहमान मलिक यांच्यासोबत होते भारताचे गृहमंत्री आणि सोलापूरचे खासदार सुशीलकुमार शिंदे.

१३/१५
त्यानंतर अकराव्या दिवशी, २५ डिसेंबरला, बंगळूरमध्ये पाकिस्तानचा दौरा सुरू झाला. पाकिस्तानी प्रेक्षकांना व्हिसा मिळाले, पण मोजक्या शहरांपुरते. हे या सीमेचे जुने वैशिष्ट्य आहे. येथे व्हिसा सहसा देशाचा नसतो, नावानिशी नमूद केलेल्या शहरांचा असतो. शिवाय पोहोचल्यावर पोलिसांत नोंद करावी लागते. नव्या कराराने भेटीच्या व्हिसावरील शहरांची मर्यादा तीनवरून पाचवर नेली. आणि ती मालिका उभय देशांतील आजवरची शेवटची द्विपक्षीय मालिका ठरली.

१४/१५
१४ ऑक्टोबर २०२३. अहमदाबादेत विश्वचषकाचा भारत-पाकिस्तान सामना. मैदान भरलेले, पण पाकिस्तानातून आलेला प्रेक्षक जवळजवळ नाही. व्हिसाबाबत पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळाने आयसीसीकडे तक्रार नोंदवली. २०२५च्या चॅम्पियन्स करंडकाचे यजमान पाकिस्तान. भारत आपले सामने दुबईत खेळला.

याउलट २०१८च्या फुटबॉल विश्वचषकात रशियाने तिकीटधारकांना ‘फॅन आयडी’वर व्हिसाविना प्रवेश दिला, आणि २०२२मध्ये कतारने ‘हय्या’ कार्डाचा मार्ग काढला. तिकीट आणि प्रवेशाची परवानगी यांची सांगड घालणे अशक्य नाही. प्रश्न इच्छेचा आणि विश्वासाचा आहे.

१५/१५
म्हणून जुन्या सामन्यांचा अभ्यास करताना धावफलकासोबत आणखी एक प्रश्न विचारावा: त्या दिवशी प्रेक्षकांत कोण बसू शकत होते, आणि कोणाला येऊ दिले नव्हते? याचे उत्तर क्रिकेटच्या पुस्तकांत क्वचितच सापडते. ते सरकारी अधिसूचनांत, जुन्या वृत्तपत्रांत आणि घरोघरीच्या ट्रंकांत असते.

आपल्या आजोबा-पणजोबांचा १९५०च्या दशकातील पासपोर्ट किंवा परमिट घरात असेल, तर तो रद्दीत देऊ नका. त्यावरचा प्रत्येक शिक्का म्हणजे कोणीतरी, कोठेतरी, त्यांच्यासाठी उघडलेले एक दार आहे.