पत्ता असेल तरच पान सापडते

शोधयंत्रांचा इतिहास सहसा यंत्राच्या वाढत्या हुशारीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वाचकाने मागणी केल्यावर डेटाबेसमधून तयार होणाऱ्या पानांना तो पुरता लागू पडत नाही. ही पाने शोधात येऊ लागली ती मुख्यतः त्यांना स्वतंत्र, टिकाऊ पत्ता मिळाला म्हणून. डिसेंबर १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टा सुरू झाले, तेव्हा क्रॉलर एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने गोळा करत. पत्त्यात प्रश्नचिन्ह, म्हणजे अशा मागणीनुसार तयार होणाऱ्या पानाची खूण, आले की शोधयंत्रे बिचकत. एखादे कॅलेंडर ‘पुढचा महिना’ या दुव्यातून न संपणारी पाने काढत राही, तर सेशनचा क्रमांक बदलला की जुनेच पान नवे भासे. फॉर्म भरल्याशिवाय न दिसणाऱ्या मजकुरापर्यंत तर वाटच नव्हती. हा दडलेला भाग दृश्य वेबच्या ४०० ते ५५० पट आहे, असा अंदाज मायकेल बर्गमन यांनी २००१ मध्ये मांडला. आकड्यावर वाद होऊ शकतो. उणीव मात्र खरी होती.

यावर कोणी म्हणेल, २००८ मध्ये गूगलच्या क्रॉलरने स्वतःच फॉर्म भरायला सुरुवात केली, ती हुशारी नव्हे काय? होतीच. पण ज्या फॉर्मचे उत्तर स्वतःच्या पत्त्यासह (यूआरएलसह) येई, तेवढेच फॉर्म तो भरत असे. म्हणजे हुशारी वापरली गेली ती पत्ते मिळवण्यासाठीच. एजॅक्स या तंत्राच्या काळात पत्ता न बदलता पानातला मजकूर बदलू लागला आणि तीच अडचण पुन्हा उभी राहिली. यूआरएलमधला # नंतरचा भाग सर्व्हरकडे जातच नाही. म्हणून गूगलने २००९ मध्ये ‘#!’ची योजना सुचवली. तिच्यात क्रॉलर त्या खुणेचे सर्व्हरला कळेल अशा पत्त्यात रूपांतर करी आणि सर्व्हर तयार पान देई. २०१५ मध्ये ही योजना गूगलने मागे घेतली.

सर्वांत वजनदार आक्षेप आजचा आहे. गूगलचा क्रॉलर जावास्क्रिप्ट चालवतो आणि २०१९ पासून त्यासाठी क्रोमियम ब्राउझरची अद्ययावत आवृत्ती वापरतो. मग पत्त्याचा आग्रह कशाला? कारण पान वाचता येणे वेगळे आणि पानापर्यंत पोहोचणे वेगळे. क्रॉलर माणसासारखी बटणे दाबत फिरत नाही. ‘आणखी दाखवा’ या बटणामागच्या मजकुराला दुसरा दुवा नसेल, तर तो सूचीबाहेरच राहण्याचा धोका असतो. खासगी नोंदी दडलेल्याच असाव्यात. पण सार्वजनिक दस्तऐवज केवळ फॉर्ममागे ठेवणाऱ्या संस्थेने माहिती खुली केल्याचे समाधान मानू नये. प्रत्येक नोंदीला कायमचा पत्ता आणि तिथे नेणारा दुवा देणे हे त्या संस्थेचेच काम आहे.