गाविलगडचा विजेता आणि १८२९ चा कायदा

रणांगण गाजविलेल्या सेनानीने पुढे राष्ट्राची धुरा हाती घ्यावी, याची उदाहरणे इतिहासात थोडी नाहीत. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हे मुळात सेनापती. आयझेनहॉवर तसेच, आणि फ्रान्सचे श्रद्धावंत कॅथलिक राष्ट्राध्यक्ष द गॉल हेही तसेच. आपल्या देशात कोणी सेनानी अद्याप राष्ट्रपती झालेला नाही. उलटा प्रकार मात्र घडला आहे. अमरावतीच्या माजी खासदार प्रतिभाताई पाटील २००७ साली राष्ट्रपती झाल्या, तेव्हा राज्यघटनेनुसार तिन्ही सेनादलांचे सरसेनापतिपद त्यांच्याकडे चालत आले.

तथापि सेनापतिपदावरून राष्ट्राच्या कारभारापर्यंत पोचलेला एक पुरुष वऱ्हाडच्या भूमीने प्रत्यक्ष पाहिला आहे. तो राष्ट्राध्यक्ष झाला नाही, इंग्लंडचा पंतप्रधान झाला. आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, शाळेच्या पुस्तकात आपल्याला वॉटर्लूपुरता भेटतो. अकोला-अमरावतीकडच्या कॅथलिक कुटुंबांच्या वहीत मात्र त्याच्या नावावर दोन हिशेब आहेत, आणि ते एकमेकांशी जुळणारे नाहीत.

त्याचा जन्म १७६९ साली आयर्लंडमधील एका प्रॉटेस्टंट सरदारघराण्यात झाला. त्या देशातील बहुसंख्य प्रजा कॅथलिक. सत्ता, जमीन आणि मानमरातब मात्र मूठभर प्रॉटेस्टंटांच्या हाती. मुलगा अभ्यासात सुमार होता, म्हणून त्याला सैन्यात घातले. १७९७ साली तो आपली पलटण घेऊन कलकत्त्यास उतरला. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर-जनरल होऊन आला, आणि धाकट्याला एकामागून एक कामगिऱ्या मिळत गेल्या. त्याच्या अंगी गुण होते हे खरे. पण गुण दाखविण्याची संधी घरातूनच आली, हेही लिहून ठेवले पाहिजे.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसई येथे इंग्रजांशी तह केला आणि तैनाती फौज पत्करली. दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांना हे मानवणे शक्य नव्हते. १८०३ च्या ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. अहमदनगरचा किल्ला पडला, २३ सप्टेंबरला असईची रक्तरंजित लढाई झाली, आणि नोव्हेंबरअखेरीस वेलस्ली पूर्णेच्या खोऱ्यात येऊन पोचला.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव आणि सिरसोली यांच्या दरम्यान दोन्ही सैन्ये समोरासमोर आली. भोसल्यांच्या बाजूने रघूजींचे बंधू व्यंकोजी हे सेनापती होते. शिंद्यांचे घोडदळ त्यांच्या साथीस होते. शिंद्यांशी २३ तारखेला युद्धविराम ठरला होता, परंतु ठरल्याप्रमाणे त्यांचे सैन्य दूर गेले नाही, असे सांगून वेलस्लीने हल्ल्याचा हुकूम सोडला. दिवस कलला होता. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच, असईला निधड्या छातीने लढलेल्या त्याच्याच शिपायांच्या तीन पलटणी फुटून मागे पळाल्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना गोळा केले आणि पुन्हा रांगेत उभे केले. मग लढाई फार वेळ चालली नाही. चांदण्यात पाठलाग झाला; ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्यांचे मृत व जखमी मिळून सुमारे साडेतीनशे होते. आपल्या बाजूच्या मृतांची मोजदाद कोणी ठेवली नाही.

तेथून गाविलगड. चिखलदऱ्याला सहलीस जाणारी आपली मंडळी या किल्ल्यात तास-दोन तास फिरतात, तलावाकाठी डबे सोडतात आणि परततात. या कड्यांवर तोफा चढविल्या कशा असतील, असा प्रश्न फार थोड्यांना पडतो. दक्षिणेकडून तो चढ अशक्यच. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने अचलपूरहून निघून मेळघाटातील डोंगरांतून वाट फोडली आणि अवजड तोफा माणसांच्या खांद्यांच्या बळावर उत्तरेच्या बाजूस नेल्या. वेलस्ली स्वतः दक्षिणेकडे देवगावाजवळ तळ देऊन राहिला. १५ डिसेंबरला तटाला खिंडार पडले, बाहेरचा कोट गेला. आतल्या कोटावर कॅप्टन कॅम्पबेलच्या माणसांनी शिड्या लावल्या आणि दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढत लढत धारातीर्थी पडला. त्याच्या राजपूत वीरांनी आपल्या स्त्रियांना शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तलवारीखाली देण्याचा प्रयत्न केला होता, हे विजेत्यांनीच नोंदविले आहे. त्यांतील बऱ्याच जणी वाचल्या.

यानंतरची गोष्ट मला लढायांहून महत्त्वाची वाटते. गड पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावी भोसल्यांशी तह झाला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांशी झाला. पंधरवड्याच्या आत वेलस्लीने युद्ध आवरते घेतले. नागपूरवर चाल करून जाण्याचा मोह त्याने टाळला; गाविलगड आणि नरनाळा हे किल्लेही भोसल्यांना परत दिले. पण वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून काढून निजामास बहाल केला. वऱ्हाडात तोवर दोघांचा दुहेरी अंमल चालत असे. त्याऐवजी आता कोणाला सारा भरायचा, हे अंजनगावच्या किंवा अकोटच्या कुणब्याला कोणीही विचारले नाही. त्यातच १८०३-०४ चा दुष्काळ दख्खनवर कोसळला. हा पहिला हिशेब.

अंजनगावच्या वाटाघाटींत शिंद्यांचे वकील विठ्ठलपंत होते. वृद्ध, चेहऱ्यावरची रेषही हलू न देणारा मुत्सद्दी. पुढे युरोपात फ्रान्सच्या सुप्रसिद्ध तालेराँशी वेलस्लीचा संबंध आला. तो माणूस कसा आहे, असे जॉन माल्कमने विचारले असता, आपल्या विठ्ठलपंतांसारखाच, पण तितका हुशार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात.

१८०५ साली तो मायदेशी परतला. स्पेन-पोर्तुगालमधील दीर्घ मोहीम आणि १८१५ चे वॉटर्लू सर्वश्रुत आहे. जानेवारी १८२८ मध्ये तो पंतप्रधान झाला.

त्या वेळी ब्रिटनमधील कॅथलिकांची अवस्था काय होती? आयर्लंडमध्ये १७९३ पासून त्यांना मत देता येई. संसदेत बसता येत नसे. सभासद होणाऱ्यास जी शपथ घ्यावी लागे, तीत पवित्र मिस्साबली ही मूर्तिपूजा आहे आणि भाकर व द्राक्षारस यांचे ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात परिवर्तन होत नाही, असे जाहीर करावे लागे. कोणता कॅथलिक हे उच्चारील? जुलै १८२८ मध्ये डॅनियल ओकॉनेल हा कॅथलिक वकील आयर्लंडमधील क्लेअर येथून निवडून आला. मागे लक्षावधी शेतकरी, हाती शस्त्र नाही. त्याला सभागृहाबाहेर ठेवले तर आयर्लंड पेटणार, हे वेलिंग्टनने ओळखले.

तो आपला कैवारी नव्हता. आजवर त्याचा पक्ष या मागणीच्या विरोधातच उभा होता. परंतु उमरावांच्या सभागृहात २ एप्रिल १८२९ रोजी बोलताना त्याने सांगितले की, आपले आयुष्य बहुतेकांपेक्षा अधिक काळ युद्धात गेले आहे, तेही बहुतांशी यादवी युद्धात. आणि स्वदेशावरील एका महिन्याची यादवी टळत असेल तर आपण प्राणही देऊ. राजा चौथा जॉर्ज रडला, रुसला; मार्चमध्ये एका संध्याकाळपुरते मंत्रिमंडळ पदच्युतही झाले. लॉर्ड विंचिल्सीने विश्वासघाताचा आरोप केला, तेव्हा साठीला टेकलेल्या पंतप्रधानाने २१ मार्चला त्याच्याशी पिस्तुलांचे द्वंद्व केले. कोणालाही इजा झाली नाही, विंचिल्सीने लेखी माफी मागितली. (द्वंद्वयुद्धाचा निषेध आपल्या ख्रिस्तसभेने ट्रेंटच्या परिषदेतच केला होता. कॅथलिकांच्या कायद्यापायी एका प्रॉटेस्टंटाने तो प्रमाद करावा, ही मोठी गंमत!)

१३ एप्रिल १८२९ रोजी राजाची मंजुरी मिळाली. सेनापतीने येथेही देताना काही काढून घेतले. आयर्लंडमधील लहान कुळांचा मताधिकार गेला, म्हणजे ज्यांनी ओकॉनेलला निवडून दिले त्यांचाच. येशूसंघीय आणि इतर संन्यस्त संघांवर निर्बंध आले. देवगावच्या तहाची आठवण व्हावी असाच हा व्यवहार: वरच्यांशी समेट, किंमत खालच्यांकडून. तरीही दार उघडले ते उघडलेच, आणि ते उघडण्यासाठी रक्त सांडले नाही. हा दुसरा हिशेब.

नव्या कायद्याचा लाभ आधीच्या निवडणुकीस लागू नव्हता. ओकॉनेलला पुन्हा क्लेअरच्या मतदारांपुढे जावे लागले. या वेळी त्याच्याविरुद्ध कोणी उभेच राहिले नाही. वेलिंग्टनला मात्र त्याच्याच पक्षातील कडव्यांनी क्षमा केली नाही. नोव्हेंबर १८३० मध्ये राजघराण्याच्या खर्चावर मतदान झाले, त्यांतील अनेकांनी विरुद्ध मत दिले, आणि अडगाव, गाविलगड व वॉटर्लू जिंकणाऱ्याचे सरकार पडले.