छोट्या इंजिनाचा मळ

परभणी–परळी मार्गावरचं आपलं गंगाखेड एकेकाळी मीटरगेजवर होतं. म्हणून मी वायपी इंजिनाचं मॉडेल करतोय. परदेशी किट, वरचा साज घरचा. १:८७ प्रमाणात १००० मिमीचा गेज साडेअकरा मिमी होतो. नेहमीचा १६.५ मिमीचा ट्रॅक मात्र १४३५ मिमी गेजसाठी, तो इथं चालत नाही. मग १२ मिमीचा घेतला.

इंजिन झालं काळं कुळकुळीत. इथंच चूक होते! राबणारं इंजिन असं नसायचं. धुराड्याला काजळी, चाकांवर तेलात बसलेली धूळ, अन् बॉयलरवर पांढरे ओघळ. जड पाण्याची वाफ झाली की मागं क्षारच उरणार ना!

१९४९पासून अशी ८७१ इंजिनं बनली. आकडे कागदावर राहिले, मळ मात्र भंगारात गेला. घरात कुणी जुने फायरमन असतील तर आजच विचारा: ओघळ नेमके कुठून उतरायचे?