भिंतीवरच्या तारखेपासून ओटीपीपर्यंत : आपल्या आरोग्याची नोंद नेमकी कुणासाठी?

आशाताई दारात येते, आधार मागते, ओटीपी मागते. आपण कुरकुरतो, "औषधाचं राहिलं बाजूला, ही मोबाईलमध्येच बघत बसलीय!" मंडळी, या मोबाईलमागं सत्तर वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की राग कुणावर काढायचा तेही कळतं.

देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम १९५३ ला सुरू झाला. आपला परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. पुढं फवारणीवाले भिंतीवर तारीख टाकून जायला लागले. ती घरच्यांना दिसायची अन् पुढच्या फेरीला येणाऱ्यालाही. पल्स पोलिओत दारावर खडूनं 'पी' किंवा 'एक्स' लिहायचे, तेही तसंच. ज्याला काम करायचं, त्याच्याच डोळ्यासमोर नोंद.

१९७३ ला कर्तारसिंग समितीनं सांगितलं, मलेरिया, देवी, कुटुंब नियोजन यांचे वेगवेगळे कर्मचारी नकोत, बहुउद्देशीय कर्मचारी ठेवा. माणसं एक झाली, रजिस्टरं काही एक झाली नाहीत. गरोदर माता, लसीकरण, कुटुंब नियोजन, औषधसाठा, सगळ्यांची वेगळी वही. साधारण ५,००० लोकसंख्येचं उपकेंद्र अन् महिनाअखेरीला सिस्टर अहवालात बुडालेली. अहवाल वर जायचा, पण वरून उपयोगाचं काही खाली यायचं ते क्वचितच.

मग कॉम्प्युटर आला. २००८ ला एचएमआयएस पोर्टल, त्यात नुसते आकडे. २००९ ला माता-बालकांची नावनिशीवार ऑनलाइन नोंद. २०१२ ला क्षयरोगासाठी निक्षय. २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रं, म्हणजे तिशीपुढच्या प्रत्येकाच्या बीपी-शुगरची नोंद. २०२१ ला कोविन, अन् त्याच सप्टेंबरात १४ अंकी आभा क्रमांक देशभर. नवं पोर्टल आलं की नवा पासवर्ड आला. पण "आता ही वही बंद करा" असा आदेश सहसा त्याच्यासोबत आला नाही. दिवसा कागदावर लिहायचं, संध्याकाळी रेंज शोधून तेच पुन्हा मोबाईलवर भरायचं.

याचा भडका उडालाच. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर अंगणवाडीताईंनी सरकारी मोबाईल परत केले. फोन सारखा हँग व्हायचा अन् पोषण ट्रॅकर इंग्रजीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशाताई संपावर गेल्या, तेव्हा ऑनलाइन कामाची सक्ती नको ही त्यांची एक मागणी होती. लगेच काही शहाण्यांनी ठरवून टाकलं, "बायकांना तंत्रज्ञान नको असतं." अहो, त्या धड चालणारा फोन मागत होत्या, मराठी मागत होत्या, केलेल्या कामाचा मोबदला मागत होत्या!

नोंदीचा कंटाळा असता तर गडचिरोलीत काय घडलं? डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायांना तयार केलं. त्या बाळाचं वजन, ताप, श्वास लिहायच्या अन् त्याच नोंदीवरून उपचार करायच्या. नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ ला 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. बाळं वाचली ती घरपोच उपचारानं, पण त्या उपचाराला डोळे दिले ते नोंदीनं.

आता आपल्या पालमचं बघा. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यात गरोदर लेकीबाळी असतात. कार्ड घरी पेटीत राहतं, बाई कारखान्यावर. तिथं अंगावर सूज आली तर आधीचं बीपी किती, हिमोग्लोबिन किती, लस झाली का, हे तिथल्या सिस्टरला कोण सांगणार? ऑनलाइन नोंदीचा खरा उपयोग इथंच आहे. बाईच्या संमतीनं तिथल्या दवाखान्यात ती नोंद उघडली, तर तिचा जीव वाचू शकतो. ती फक्त मुंबई-दिल्लीच्या डॅशबोर्डवर हिरवा ठिपका म्हणून चमकत राहिली, तर सिस्टरचीही संध्याकाळ गेली अन् बाईच्याही हाती काही नाही.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत आशाताईला धारेवर धरू नका. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत जे कुणी असतील, त्यांना तीन प्रश्न विचारा. एकच माहिती किती ठिकाणी भरावी लागते? ऑनलाइन सुरू झाल्यावर कोणती वही बंद झाली? अन् भरलेली माहिती उपचाराच्या वेळी सिस्टरला परत दिसते का?

उत्तरं मिळाली तर खाली कमेंटमध्ये गावाचं नाव टाकून लिहा. कर्मचाऱ्याचं नाव मात्र टाकू नका, त्यांना त्रास व्हायला नको.