काचेचा रंग आणि नेमबाजाची नजर



भंडाऱ्यात नेमबाजीवर बोलायचं म्हटलं की लोकांना पहिल्यांदा जवाहरनगरची आयुध निर्माणी आठवते. आम्ही आज बारुदावर बोलणार नाही. बोलणार आहोत नेमबाजाच्या डोळ्यांवरच्या चष्म्याबद्दल, त्याच्या काचेच्या रंगाबद्दल. पिवळी काच कधी, जांभळी कधी, करडी कधी, आणि कधी कुठलाच रंग नको. विषय लहान वाटतो. पण खेळायला लागलेल्या मुलामुलींचे आईवडील हाच प्रश्न विचारतात, कारण एका चांगल्या चष्म्याला घरचे बरेच पैसे जातात.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या दगडापासून करू. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजच्या खाणी आहेत. हा काळा दगड पोलादाला लागतो, बॅटरीला लागतो, हे आपल्याला माहीत असतं. काचेशी असलेलं त्याचं नातं त्याहून कितीतरी जुनं. वाळूत लोहाचा अंश असतो, म्हणून साधी काच हिरवट येते. रोमन काळापासून कारागीर त्यात चिमूटभर मॅंगनीज टाकत आणि हिरवेपणा मारत. काचवाले त्याला साबणच म्हणत. पण हात सैल सुटला आणि मॅंगनीज जास्त पडलं, की तीच काच जांभळी व्हायची. एकच द्रव्य, थोडं घातलं तर रंग काढतं, जास्त घातलं तर रंग देतं. काचेला रंग देणं ही अशी मापाची गोष्ट आहे, आणि रंगीत काच निवडणं हीसुद्धा.

आता आजचा मुख्य मुद्दा. रंगीत काच उजेड वाढवत नाही. कुठलीच नाही. ती फक्त काही उजेड अडवते. म्हणजे काच निवडताना आपण ठरवत असतो की कुठला उजेड गेला तरी चालेल. चष्म्यांचा सगळा इतिहास हा या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

अठराव्या शतकाच्या मध्यावर लंडनचा चष्मेवाला जेम्स आयस्कॉफ निळसर आणि हिरवट काचांची शिफारस करत होता. पांढऱ्या काचेतून येणारा उजेड डोळ्यांना झोंबतो, असं त्याचं मत. मोजमाप नव्हतं, अनुभव होता. मोजून काम केलं ते विल्यम क्रुक्स यांनी. काचभट्टीसमोर आयुष्य घालवणाऱ्या कामगारांना मोतीबिंदू लवकर व्हायचा. भट्टीची उष्णता आणि अतिनील किरण अडवतील, पण दिसायला अडचण होणार नाही, अशी काच क्रुक्स यांनी शोधली आणि १९१३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडली. त्यात सिरियमसारखी द्रव्यं होती. काय अडवायचं आणि काय जाऊ द्यायचं, हे इथे पहिल्यांदा नीट ठरवून झालं, आणि तेही मजुराच्या डोळ्यांसाठी, हे लक्षात ठेवा.

नेमबाजांची पाळी १९३८ ला आली. अमेरिकेच्या बॉश अँड लॉम्ब कंपनीने रे-बॅन नावाखाली 'शूटर' चष्मा काढला. त्यात हिरवी काच मिळे, नाहीतर फिकट पिवळी, तिचं नाव कॅलिक्रोम. पिवळीच का? याचं उत्तर १८७१ मध्ये लॉर्ड रॅली यांनी देऊन ठेवलं होतं. हवेतले सूक्ष्म कण निळा उजेड सर्वांत जास्त विखुरतात, म्हणून आकाश निळं. दूरची टेकडी निळसर, फिकी दिसते तीही त्याचमुळे. पिवळी काच हा विखुरलेला निळा उजेड अडवते, त्यामुळे फिकेपणा कमी होतो आणि वस्तूच्या कडांना उठाव येतो. घालणाऱ्याला वाटतं, वा, किती उजेड पडला! प्रत्यक्षात डोळ्यात उजेड कमीच गेलेला असतो. वाढतो तो उठाव.

मग पहाटे, संध्याकाळी सरसकट पिवळी घालावी का? इथे घोळ होतो. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाला १८१९ च्या सुमारास दिसलं की भर दिवसा झळकणारी तांबडी फुलं झुंजुमुंजू उजेडात काळपट दिसतात, आणि निळी फुलं तुलनेने उजळ. भरपूर उजेडात डोळ्यांच्या शंकूपेशी काम करतात, त्यांना पिवळसर हिरवा उजेड सर्वांत चांगला दिसतो. अंधार पडू लागला की दंडपेशी काम हाती घेतात, आणि त्यांचा कल निळसर हिरव्याकडे. म्हणजे दिवेलागणीला डोळा ज्या उजेडावर जगतो, त्यातलाच काही भाग पिवळी काच काढून घेते.

आपल्या भागात एकेकाळी मचाणावर बसून शिकार करणारे साहेबलोक होते, मालगुजार होते. त्यांची खरी वेळ तीच, दिवेलागणीची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो अध्याय संपला. आज नागझिऱ्यात नि कोक्यात माणूस बघायला जातो, मारायला नाही, हे चांगलंच झालं. पण नियम तोच राहिला: सूर्य गेला की रंगही उतरवा, साधी पारदर्शक काच घाला. आणि रात्री गाडी चालवण्यासाठी म्हणून पिवळे चष्मे विकतात ना, ते घेऊ नका. २०१९ मध्ये अमेरिकेत सिम्युलेटरवर तपासलं, तर त्या चष्म्यांनी रस्त्यावरचा माणूस दिसायला काही मदत झाली नाही.

आता उडत्या तबकडीकडे येऊ. १८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्कीने मातीच्या तबकडीचं पेटंट घेतलं. त्याआधी काचेचे गोळे उडवत, आणि त्याही आधी जिवंत कबुतरं. म्हणून आजही तिला 'क्ले पिजन' म्हणतात. ती बहुतेक वेळा केशरी असते, आणि इथे काच ठरते ती मागच्या दृश्यावरून. मागे हिरवी झाडी असेल तर जांभळी काच हिरवा दाबते आणि केशरी जाऊ देते, त्यामुळे तबकडी झाडीतून सुटून दिसते. मागे मोकळं आकाश असेल तर तपकिरी किंवा केशरी काच निळा अडवते, आकाश गडद होतं, तबकडी उजळते. आपल्याकडे बघा, भाद्रपदात धानाच्या बांध्या नि रानं हिरवीगार, आणि वैशाखात तेच रान पिवळं-तपकिरी. जांभळी काच जी मदत भाद्रपदात करील ती वैशाखात करणार नाही. विक्रेत्याचा तक्ता आपला ऋतू ओळखत नाही. शिवाय काही पुरुषांना लाल-हिरवा फरक जन्मतःच कमी दिसतो. त्यांनी दुसऱ्याचा सल्ला न घेता स्वतः घालून बघावं.

रायफल आणि पिस्तुलाचं गणित निराळं. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत विश्वविजेत्या झाल्या, १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळे यांनी ४५१.४ गुणांवर ऑलिम्पिकचं कांस्य मिळवलं, ते या ५० मीटरवरच. इथे लक्ष्य काळं-पांढरं, रंगाचा प्रश्नच नाही. प्रश्न बाहुलीचा आहे. गडद काच घातली की बाहुली मोठी होते, आणि बाहुली मोठी झाली की एकाच वेळी जवळचं-दूरचं स्पष्ट दिसणं कमी होतं. नेमबाजाला तर डोळ्याजवळची साईट, पुढची साईट आणि लांबचं लक्ष्य यांचा मेळ घालायचा असतो. म्हणून बंदिस्त १० मीटर रेंजवर काळा गॉगल घालणं म्हणजे पदरचे पैसे देऊन गुण घालवणं. आम्हीही शिकताना ते केलं आहे, ऐट म्हणून.

मग काय घ्यावं? बंदिस्त रेंजला आणि सूर्यास्तानंतर पारदर्शक. धुक्यात, ढगाळ हवेत, वैनगंगेकाठच्या हिवाळी सकाळी, उजेड पुरेसा असेल तर फिकट पिवळी. मे महिन्याच्या भर उन्हात करडी, ती सगळे रंग सारखे कमी करते, किंवा तपकिरी. उन्हात आपोआप काळी होणारी काच मोहात पाडते, पण ती उकाड्यात कमी काळी होते, आणि आपल्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको. ध्रुवीकरणाची काच मामा तलावाच्या पाण्यावरची चकाकी मारते, मासे धरणाऱ्याला उत्तम, पण रेंजवरचा गुण दाखवणारा पडदा तिच्यातून काही कोनांत काळा पडतो.

दोनच काचा परवडत असतील तर पारदर्शक आणि करडी. एकच परवडत असेल तर पारदर्शक, आणि ती पॉलिकार्बोनेटची. १९५३ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेत वेगवेगळ्या शास्त्रज्ञांना सापडलेलं हे प्लॅस्टिक सहसा फुटून डोळ्यात जात नाही. उलट फिरलेला छर्रा, तबकडीचा तुकडा, उडालेलं काडतुसाचं टरफल, यांना काचेच्या रंगाशी काही देणंघेणं नसतं. रंगाने चार गुण वाढतील किंवा कमी होतील, पुढच्या स्पर्धेत भरून निघतील. डोळा भरून निघत नाही. क्रुक्स यांनी भट्टीवरच्या माणसासाठी आधी डोळा वाचवायचं बघितलं. रंग त्याच्या मागून आला. आपणही तोच क्रम ठेवू.

आता तुमचे प्रश्न घेऊ.