पोहताना येणारा पेटका: कारणे आणि प्रतिबंध

पोहताना एखादा स्नायू एकाएकी आखडून त्यात कठीण गोळा येतो, त्याला पेटका म्हणतात. बोलीत ‘वांब आली’ असेही म्हटले जाते. पोटरी, तळपाय आणि मांडीची मागची बाजू या त्याच्या नेहमीच्या जागा. जमिनीवर तो माणसाला घटकाभर कळवळायला लावतो, इतकेच. खोल पाण्यात मात्र पोहणारा गडबडतो, हातपाय झाडतो आणि नाकातोंडात पाणी जाते. जिवावर बेतते ते बहुधा या घबराटीमुळे.

शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्याने पेटके येतात, ही समजूत फार जुनी. उन्हात घाम गाळणाऱ्यांबाबत तीत तथ्यही आहे. परंतु केवळ तेवढेच कारण असते, तर पेटका नेमका राबलेल्या स्नायूतच का यावा? थकलेल्या स्नायूला आकुंचनाचे मज्जासंदेश वाढतात आणि कंडरेकडून येणारा सैल होण्याचा इशारा क्षीण होतो, अशी उपपत्ती दक्षिण आफ्रिकेतील मार्टिन श्वेलनस व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली. पोहण्याला ती चांगली लागू पडते. फ्रीस्टाइलमध्ये पावले मागे ताणून धरावी लागतात. त्या स्थितीत पोटरीचा स्नायू आधीच आखूड झालेला असतो आणि तसाच तो राबत राहतो.

म्हणून केळी आणि मीठ-साखरेच्या पाण्यावर सारी भिस्त ठेवू नये. पुरेसे पाणी प्यावेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे अंतर व वेग सवयीनुसार हळूहळू वाढवणे. आरंभीची पाच-दहा मिनिटे संथ पोहावे, पोटऱ्या व घोटे मोकळे करून घ्यावेत, पायांना ताण न देता पाय मारावेत. पायांत फिन्स नव्याने घालणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी लांब पल्ला गाठू नये. थंड पाण्यात एकदम जोर लावू नये. जेवणानंतर पोहल्यास हमखास पेटका येतो, याला भक्कम पुरावा नाही. मात्र भरल्या पोटी पोहणे सुखाचे नसते, हे खरे.

पेटका आलाच तर पाय मारणे थांबवून पाठीवर तरंगावे व श्वास सावरावा. पोटरीत गोळा असल्यास गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे धरावीत व पाऊल नडगीकडे ओढावे. मांडीच्या मागे असल्यास गुडघा सरळ करावा. पुढच्या बाजूस असल्यास टाच नितंबाकडे न्यावी. गोळा सुटला तरी स्नायू लगेच पुन्हा आखडू शकतो, त्यामुळे केवळ हातांच्या बळावर सावकाश काठ गाठावा. मदत हवी असल्यास एक हात उंच करून हाक द्यावी.

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक आहेत. नदीच्या कोंडीत किंवा बंद खाणीच्या खंदकात मात्र हाक ऐकायला बहुधा कोणी नसते. अशा ठिकाणी एकट्याने उतरूच नये. पाण्याबाहेरही वारंवार पेटके येत असतील, किंवा लघवी वाढवणारी औषधे चालू असतील, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.