हळद : पारंपरिक ज्ञान आणि मेंदूविषयक संशोधन
नांदेड व शेजारील वसमत परिसरात हळद हे प्रमुख नगदी पीक आहे. तिच्यातील पिवळे द्रव्य १८१५ मध्ये व्होगेल व पेल्तिए यांनी वेगळे केले. १९१० मध्ये कुरकुमिनची रासायनिक रचना निश्चित झाली. जखमेवरील हळदीच्या वापराचे १९९५ चे अमेरिकन पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने सादर केलेल्या ग्रंथपुराव्यांमुळे १९९७ मध्ये रद्द झाले. कुरकुमिनमुळे अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांच्या मेंदूतील दाह घटल्याचे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००१ मध्ये दाखविले. तथापि हे द्रव्य शरीरात अत्यल्प शोषले जाते व मानवी उपचारातील त्याची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही. पारंपरिक ज्ञान पेटंटच्या वादात पुरावा ठरले. मेंदूविकारांच्या उपचारासाठी मात्र रुग्णांवरील नियंत्रित चाचण्यांचाच पुरावा आवश्यक आहे.